मदत हवी आहे: हर्पिसचा डीएनए परका आहे हे पेशीला कळतं कसं?

मंडळी, हर्पिसवर वाचतेय आणि एका ठिकाणी गाडी अडलीय. एचएसव्ही-१ चं (हर्पिसच्या एका व्हायरसचं) कॅप्सिड, म्हणजे डीएनएभोवतीचं प्रोटीनचं कवच, पेशीच्या न्यूक्लियसच्या (केंद्रकाच्या) छिद्राला चिकटून डीएनए थेट आत सोडतं, इथपर्यंत ठीक. सायटोप्लाझममध्ये (न्यूक्लियसबाहेरच्या पेशीरसात) डीएनए दिसला की सीगॅस हा डीएनए ओळखणारा सेन्सर बोंब ठोकतो तेही कळलं, पण न्यूक्लियसमध्ये तर आपलाच डीएनए ठासून भरलेला असतो, मग तिथे आयएफआय१६ या सेन्सर प्रोटीनला परका डीएनए नेमका कसा ओळखू येतो? हिस्टोन (आपला डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रोटीन्स) नसलेला उघडा असतो म्हणून, की अजून काही? शिवाय न्यूक्लियसमधले पीएमएल प्रोटीनचे ठिपके त्या परक्या डीएनएला घेरून गप्प करतात आणि व्हायरसचं आयसीपी० हे प्रोटीन त्या पीएमएललाच नष्ट करवतं, केवढी चलाखी ही! मग चेतापेशीत व्हायरस वर्षानुवर्षं झोपून राहतो तो या घेराबंदीमुळेच का? इम्युनॉलॉजीवाले कोणी असाल तर प्लीज जरा सविस्तर सांगा ना.