म्हाळाला बसायचं का? बायबलमधल्या दहा आज्ञांतल्या दोन आज्ञा एकमेकींना आडव्या आल्या तर

वाळवेकर:
आईवडील हिंदू, थोरल्या मुलानं बाप्तिस्मा घेतलेला, घर एकच. पितृपंधरवड्यात आजोबांचा म्हाळ असतो. वडील म्हणतात, "गुडघे थकले, औंदा तू बस." एक आज्ञा सांगते बापाचा मान राख, दुसरी सांगते मला सोडून दुसरे देव नकोत. निवाडा कसा करायचा? "प्रार्थना करा" एवढंच सांगू नका, वचनं द्या.

मिरज_वाचक:
आधी 'मान राख' म्हणजे काय ते बघा, निम्मा गुंता तिथंच सुटतो. मार्क ७:९-१३ मध्ये येशू हीच आज्ञा काढतो, आणि तिथं विषय पैशाचा आहे. आईबापाला द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं, असं सांगून हात वर करणाऱ्यांना तो झापतो. मान राखणं म्हणजे पोसणं, दवापाणी बघणं. १ तीमथ्य ५:८ सुद्धा तेच सांगतं. दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा मिळकतीचा दहावा हिस्सा, वेळच्या वेळी आणि आईचं औषध मात्र उधारीवर, हा आजचा कुर्बान. त्यावर कुणी वाद घालत नाही, पिंडावर घालतात!

म्हणून म्हाळाचा शिधा भरा, पंगतीत वाढा. पिंड आणि तर्पण नको. १ करिंथ १०:२०-२१ त्याला आडवं येतं.

जेवणाचं तेवढं सोपं नाही. त्याच अध्यायात २५ ते २८ ओव्यांत प्रेषित पौल म्हणतो, बाजारातलं विचारत न बसता खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी सोडा. म्हाळाचं जेवण कशाचं हे न सांगताच ठाऊक असतं, म्हणून काही जण जेवतात, काही फक्त वाढतात.

कोरेगावकर:
आईबापाचा मान राखायची ही आज्ञा आम्हा कॅथलिकांत चौथी, मिरजेकडच्या प्रॉटेस्टंटांत पाचवी. आकड्यावरून भांडू नका. आमच्या धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद २२१७ सांगतो की मुलगा स्वतंत्र झाला की आज्ञापालन संपतं, आदर संपत नाही. चिनी पूर्वजविधींवर रोमनं १७४२ मध्ये पक्की बंदी घातली होती. १९३९ मध्ये पूर्वजांपुढं वाकणं हा लौकिक आदर मानून ते चालेल असं ठरवलं. आजोबांच्या फोटोला हार घालण्याला हा आधार पुरतो. तो पिंडदानापर्यंत ताणू नका.

कृष्णाकाठ:
'करू नकोस' ही आज्ञा 'कर' या आज्ञेपेक्षा नेहमी वरचढ, असं सरसकट धरलं तर फसाल. शब्बाथला, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, काम करू नकोस हीही मनाईच, तरी आठव्या दिवशीची सुंता त्या दिवशी चालते (योहान ७:२२-२३) आणि विहिरीत पडलेला बैल काढतात (लूक १४:५). येशू वजन बघतो: न्याय, दया, विश्वास (मत्तय २३:२३). मात्र दयेसाठी दुसऱ्या देवाला अर्पण चालेल, असं तो कुठंही म्हणत नाही.

वाळवेकर:
मग अरामी सेनापती नामानाचं काय? तो इस्राएलच्या देवाला मानायला लागतो, तरी २ राजे ५:१८ मध्ये रिम्मोन या परक्या देवाच्या देवळात वाकतोच की.

मिरज_वाचक:
ओवी १७ पण वाचा. दुसऱ्या देवांना अर्पण करणार नाही, हे तो आधीच सांगतो. राजा त्याच्या हातावर टेकून वाकतो म्हणून त्यालाही वाकावं लागतं, आणि त्याचीही तो क्षमा मागतो. त्यावर संदेष्टा अलीशा 'शांतीने जा' एवढंच म्हणतो. होही म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

तुमच्या प्रश्नात गुडघे आहेतच. वडिलांना धरून पाटावर बसवा, उठवा. पिंड त्यांनी किंवा चुलत्यांनी ठेवावेत. आणि हे गणपतीतच घरी बोलून घ्या. भटजी येऊन बसल्यावर नकार दिला, तर चारचौघांत बापाचा मान गेलाच.