मुंबईत बंदराच्या बाजूच्या कमी गर्दीच्या जागा सुचवा (गेटवे, मरीन ड्राइव्ह, जुहू सोडून)

अनघा_डोंबिवली
नमस्कार मंडळी, जानेवारीत माझा भाऊ फॅमिलीसकट नागपूरहून येतोय, दहाबारा दिवस राहणार आहेत. दोन मुलं आहेत, एक नऊ वर्षांचा आणि एक चौदाची, आणि सोबत आमचे बाबा, त्यांचे गुडघे दुखतात त्यामुळे खूप पायऱ्या नकोत. मागच्या वेळी गेटवे, राणीचा हार, जुहू, हाजी अली सगळं करून झालंय आणि खरं सांगायचं तर प्रत्येक ठिकाणी गर्दीत उभं राहण्यापलीकडे मुलांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. आता त्यांना जहाजं बघायचीत, बोटीत बसायचंय, मोठीला पक्ष्यांचं वेड आहे, धाकट्याला किल्ले आवडतात. मुंबई हे बंदर आहे असं आपण शाळेत शिकतो पण ते बंदर कुठून दिसतं हे मलाच नीट माहीत नाही. लोकलने फिरायची सगळ्यांची तयारी आहे. वहिनीला मासळीचा वास सहन होत नाही तेवढं लक्षात ठेवून सुचवा प्लीज.

हार्बरवाला
अनघाताई, तुम्ही बंदर कुठून दिसतं असं विचारलंत ना, त्याचं उत्तर पूर्व किनारा. मरीन ड्राइव्ह, जुहू हा सगळा पश्चिमेचा उघडा समुद्र, जहाजं उभी राहतात ते बंदर मात्र कुलाब्यापासून माझगाव, शिवडीकडे वर जाणाऱ्या बाजूला. पोर्ट ट्रस्ट १८७३ ला झाला, मग प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक, पुढे १९१४ ला अलेक्झांड्रा म्हणजे आताचा इंदिरा डॉक, आणि तेव्हापासून या बाजूला भिंती, गोदामं आणि गेट. त्यामुळे जन्मभर मुंबईत राहिलेल्या माणसालाही हे पाणी दिसत नाही. पण दोनतीन फटी आहेत जिथून ते छान दिसतं.

पहिली जागा माझगावची जोसेफ बाप्टिस्टा बाग. हार्बर लाइनला डॉकयार्ड रोडला उतरायचं, भंडारवाडा टेकडीवर आहे, खाली पाण्याचा जलाशय आणि वर बाग. काठावरच्या बाकावर बसलं की समोर गोदी, क्रेन, दुरुस्तीला आलेली जहाजं आणि खाली हार्बरच्या लोकल. बाबांना चढ नको असेल तर टॅक्सीने जा, तिकडे रिक्षा चालत नाहीत. धाकट्याला हे सांगा की तो उभा आहे तिथेच माझगावचा किल्ला होता, १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान शिवडीला फौज घेऊन उतरला आणि शिवडी, माझगाव दोन्ही घेऊन थेट इंग्रजांच्या किल्ल्यापर्यंत गेला. बाग ज्यांच्या नावाची आहे ते काका बाप्टिस्टा म्हणजे टिळकांचे सहकारी, १९२५ ला मुंबईचे महापौर, आणि त्यांचं गाव माथारपाखाडी तिथून चालत जाण्याइतकं जवळ. लाकडी जिने, व्हरांडे असलेली जुनी ईस्ट इंडियन (मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाची) घरं अजून शिल्लक आहेत, पण तिथे लोक राहतात, तेव्हा हळू बोलत फिरायचं आणि दारात उभं राहून फोटो काढायचे नाहीत.

दुसरी जागा शिवडी किल्ला, १६८० चा. छोटा आहे, अर्ध्या तासात बघून होतो, पण त्याच्या तटावरून खालची चिखलाची खाडी, तिवरं आणि थेट समुद्रात घुसणारा अटल सेतू असं सगळं एकत्र दिसतं. पूल जवळजवळ २२ किलोमीटर लांब आहे, मुलांना त्याचं दुसरं टोक शोधायला लावा, निम्मा वेळ त्यातच जाईल. आणि जानेवारी म्हणजे फ्लेमिंगोंचा सीझन, मोठीसाठी ही सगळ्यात महत्त्वाची जागा.

कातळफूल
वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त शिवडीबद्दल एक भर घालते कारण बरेच लोक तिथे जाऊन "काही दिसलं नाही" म्हणत परत येतात. फ्लेमिंगो बघायचे तर घड्याळाआधी पाणी बघावं लागतं. पूर्ण ओहोटी असेल तर चिखल लांबपर्यंत उघडा पडतो आणि पक्षी खाताखाता पार आत जातात, नुसते गुलाबी ठिपके दिसतात. पूर्ण भरती असेल तर चिखलच बुडतो, मग ते उडून दुसरीकडे बसायला जातात. पाणी चढत असताना जायचं, कारण लाट जसजशी पुढे येते तसतसे ते तिच्यापुढे किनाऱ्याकडे सरकत येतात.

दुसरी गोष्ट ऊन. शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, सकाळी गेलात तर सूर्य डोळ्यावर येतो आणि पक्षी काळे दिसतात. दुपारी तीननंतर ऊन पाठीमागून पडतं आणि तो गुलाबी रंग खराखुरा दिसतो. म्हणजे दुपारी भरती चढत असेल असा दिवस हवा.

तो कसा काढायचा? अ‍ॅपवर टाइमटेबल मिळतंच, पण आमच्याकडे कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा, आणि बाराच्या आसपास ओहोटी. शुक्ल असो कृष्ण असो, पक्ष कुठलाही चालतो, मोजणी प्रतिपदेपासून. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते म्हणून हे जमतं. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतं, पण प्लॅन करायला पुरतं. आता बघा, अष्टमीला दुपारी बारा ते सहा पाणी चढतंय, तुम्ही तीन-साडेतीनला शिवडीत पोचायचं. दुर्बीण असेल तर जरूर न्या, फ्लेमिंगोशिवाय शेकाटे, तुतवार, कुरव, सुरय पण दिसतात आणि पक्षीवेड्या मुलीला तेच जास्त आवडतील बहुतेक.

रेतीबंदर
शिवडीला बाबांना घेऊन जाणार असाल तर थोडा विचार करा, स्टेशनपासून रस्ता ट्रक-टँकरचा आहे आणि बसायला धड जागा नाही. त्यापेक्षा ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र बघा, वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं आहे, ठाणे खाडीत बोटीतून फ्लेमिंगो दाखवतात. बोटीच्या वेळा भरतीवरच ठरतात त्यामुळे कातळफूलताई म्हणतात तो घोळच राहत नाही, बुकिंग मात्र आधी करा. तो भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. डोंबिवलीहून ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बरने (नवी मुंबईकडे जाणारी लोकल) ऐरोली, सोपं आहे.

हार्बरवाला
@रेतीबंदर ऐरोली चांगलंच आहे, आणि बाबांसाठी तुमचं म्हणणं पटतं, शिवडीला फार तर कुर्ल्याला गाडी न बदलता तिथून सरळ टॅक्सी करावी. पण मी तरी शिवडी सोडणार नाही, कारण तिथे किल्ला, पक्षी, पूल आणि चालू बंदर एका ठिकाणी दिसतं आणि मुलांना कळतं की हे सगळं एकाच पाण्यावर जगतंय. ऐरोलीला बोटीत बसवून फिरवून आणतात, शिवडीला स्वतः थांबून बघावं लागतं. मोठीला ते थांबणं आवडेल.

मोरा_लाँच
बोटीत बसायचंय ना, मग माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदरापर्यंतची फेरी करा. गेटवेची बोट आणि ही लाँच यात फार फरक आहे, इथे उरणची माणसं रोजच्या कामाला जातायेत, टोपल्या, पिशव्या, सायकली सगळं सोबत. पाऊणएक तास लागतो आणि वाटेत नांगर टाकून उभी असलेली मोठी जहाजं इतक्या जवळून दिसतात की मुलं गप्प होतात. धक्का १८४१ चा, लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य म्हणजे भाऊ यांनी समुद्रात भर घालून बांधला म्हणून हे नाव, आताचा धक्का मात्र नंतरचा आहे, मूळ जागी नाही.

महत्त्वाचं म्हणजे येताना बोटीने येऊ नका. उरणपर्यंत आता लोकल आहे, १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं त्याच दिवशी ती पण सुरू झाली. मोऱ्याला उतरून रिक्षाने उरण, पिरवाडीचा किनारा, तिथे जेवण, आणि मग उरण स्टेशनवरून नेरूळ, नेरूळहून ठाणे, ठाण्याहून तुमचं डोंबिवली. एका दिवसात अख्ख्या बंदराला वळसा होतो आणि बाबांना फारसं चालावं लागत नाही. धाकटा हट्टच करेल तर द्रोणागिरीचा किल्ला पण तिथेच आहे, पण तो डोंगर चढायचा आहे, बाबांना खाली ठेवून जावं लागेल.

मोऱ्याला गाळ फार साचतो, खोल ओहोटीला लाँच जेट्टीला लागत नाही म्हणून फेऱ्या बंद ठेवतात. त्यामुळे इथेही तोच पाऊणपटीचा हिशोब. आणि वहिनींसाठी, धक्क्यावर पहाटे मासळीचा लिलाव असतो, नऊनंतर गेलात तर वास राहतोच पण गर्दी ओसरलेली असते. बोट सुटली की वारा लागतो आणि प्रश्न संपतो.

कुलाबकर
ससून डॉक, म्हणजे कुलाब्याचा मासळीचा धक्का, कोणी सांगितला नाही म्हणून लिहितो. १८७५ चा आहे, पहाटे पाचला ट्रॉलर रिकामे होताना बघणं हे या शहरातलं सगळ्यात जिवंत दृश्य आहे असं माझं मत. पण वहिनींना जमणार नाही आणि लहान मुलाला ओल्या जमिनीवर हातगाड्यांच्या मध्ये सांभाळणं कठीण. भाऊ एकटा येत असेल तर त्याला न्या. फोटोला तिथे मनाई असते, मोबाइल खिशात ठेवा, आणि लोक धंद्यावर असतात, त्यांच्या वाटेत उभं राहू नका.

कातळफूल
अजून एक सुचवते, हे खूप कमी लोक करतात. ओहोटीला कातळावर जाऊन समुद्री जीव बघणं. हाजी अलीला तुम्ही गेलाय पण त्याच्या आजूबाजूचा खडक ओहोटीला उघडा पडतो तेव्हा छोट्या डबक्यांत समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, स्पंज, नशीब असेल तर ऑक्टोपस दिसतो. वरळी, कार्टर रोडला पण असंच. मरीन लाइफ ऑफ मुंबई म्हणून ग्रुप आहे, २०१७ पासून ते किनाऱ्यावर असे वॉक घेतात, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी त्यांच्याबरोबरच जावं असं मला वाटतं कारण जाणकार सोबत नसेल तर समोर असलेला जीवही दिसत नाही.

यासाठी खोल ओहोटी लागते, म्हणजे उधाणाचे दिवस, पौर्णिमा-अमावास्येच्या लगतचे. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसात-आठला, उजाडलेलं असतं आणि ऊनही नसतं. भांगाच्या दिवसांत म्हणजे अष्टमीच्या आसपास गेलात तर पाणी पुरेसं हटतच नाही. पायात ग्रिपवाले बंद बूट घाला, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. दगड उलटे करायचे नाहीत, काही उचलून घरी न्यायचं नाही, आणि पाणी वळलं की लगेच निघायचं, मुलं कितीही म्हणाली तरी.

अनघा_डोंबिवली
बापरे, इतकं सगळं! खूप खूप आभार. मोऱ्याचा वळसा तर नक्की. दोन शंका, एक म्हणजे घारापुरी (एलिफंटा लेणी) करावं का, पायऱ्या आहेत म्हणून मागच्या वेळी सोडलं होतं. आणि हे तिथीचं गणित धरून कुठला दिवस कशाला ठेवू ते कोणी ओळीने सांगेल का?

शेतबंदर
घारापुरी करा. लेण्यांपर्यंत १२० पायऱ्या आहेत, बाबांसाठी डोलीच्या खुर्च्या मिळतात, आणि धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी चालते. पण बहुतेक लोक त्रिमूर्ती बघून फिरतात, तुम्ही मुलांना घेऊन वरच्या टेकडीवर जा, तिथे इंग्रजांच्या काळातल्या दोन प्रचंड तोफा अजून आहेत आणि तिथून पूर्ण बंदर दिसतं. बेटावर शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत, राजबंदरकडे वळलात तर गर्दी एकदम संपते. २०१८ ला कुठे तिथे कायमची वीज आली, तीही समुद्राखालून केबल टाकून. मुक्काम करता येत नाही, परतीची शेवटची बोट उतरल्याउतरल्या विचारून घ्या. सोमवारी लेणी बंद.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी एलिफंटा नाव दिलं तो हत्ती बेटावर नाहीच, भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे, जिजामाता उद्यानाला लागून. बाबा बोटीला नको म्हणाले तर त्यांना तिथे न्या, सपाट आहे, सावली आहे. बुधवारी बंद.

मोरा_लाँच
दिवसांचं मी सांगतो. दहाबारा दिवसांत बहुतेक एक पौर्णिमा किंवा अमावास्या येईल, तिच्याभोवती आखा. त्रयोदशी-चतुर्दशीला मोरा, सकाळी दहाच्या सुमारास भरती असते, लाँचला भरपूर पाणी. मग द्वितीया-तृतीयेला सकाळी हाजी अलीचा कातळ, त्याच दिवशी दुपारी भायखळा जमेल. सप्तमी-अष्टमीला दुपारी आधी माझगावची बाग आणि तीनपर्यंत शिवडी, दोन्ही हार्बर लाइनलाच. घारापुरी मधल्या कुठल्याही दिवशी, सोमवार सोडून, शनिवार-रविवारही टाळा. आणि निघायच्या आदल्या दिवशी भरतीची वेळ टाइमटेबलला एकदा पडताळा, पाऊणपट हा अंदाज आहे, पोरं घेऊन कातळावर जाताना नुसत्या अंदाजावर जायचं नाही.