रहस्यकथेतला कबुलीजबाब आणि कलम 23 : तपासाची कार्यपद्धती लेखकावर किती बंधनकारक असावी?

तळटीप (धागालेखक) :
मराठीतल्या बऱ्याच पोलिसी रहस्यकथा एकाच खोलीत संपतात. निरीक्षक संशयितासमोर बसतात, एकेक दुवा जोडून दाखवतात, संशयित ढासळतो आणि सारे कबूल करतो. मग हवालदार त्याला घेऊन जातो आणि प्रकरण मिटते. प्रत्यक्षात पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध न्यायालयात शाबीतच करता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात ही तरतूद कलम 25 मध्ये होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ती कलम 23 मध्ये कायम आहे. म्हणजे लेखक जिथे पूर्णविराम देतो, तिथे तपास अधिकाऱ्याच्या हाती कोर्टात टिकेल असे काहीच आलेले नसते.

लेखकाने कार्यपद्धती शिकावी ती तपशिलाची आरास मांडण्यासाठी नव्हे, तर कथानक त्यातूनच घडते म्हणून, असे माझे मत आहे. अटकेनंतर 24 तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते, पोलीस कोठडी एकूण 15 दिवसांपेक्षा जास्त मिळत नाही आणि खुनाच्या गुन्ह्यात 90 दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. कायद्याने अशा तीन मुदती आयत्या हाती दिलेल्या असताना, ताण वाढवण्यासाठी मध्यरात्रीच्या निनावी फोनचा आधार का घ्यावा लागतो, हे मला उमगलेले नाही.

वैनगंगा :
आपले कायद्याचे म्हणणे मान्य आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. खून कोणी केला हे कळणे आणि तो न्यायालयात शाबीत होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि रहस्यकथेचा वाचक पहिल्या गोष्टीसाठी पुस्तक हाती घेतो. शेवटच्या प्रकरणातली कबुली हा पुरावा नसतोच. वाचकाने मनात बांधलेला तर्क बरोबर होता की चूक, याची ती पावती असते. त्या क्षणी कलम 23 ची आठवण करून देणारा माणूस नाटकाच्या तिसऱ्या अंकात रंगमंचावर जाऊन तलवार पत्र्याची असल्याचे सांगणाऱ्या प्रेक्षकासारखा आहे.

शिवाय खऱ्या तपासाचा वेग पाहा. व्हिसेराचा, म्हणजे मृताच्या अवयवांच्या नमुन्यांचा, अहवाल प्रयोगशाळेतून यायला पुष्कळदा महिने लागतात. तेवढे महिने नायकाने काय करावे? खरा अधिकारी गणपतीच्या बंदोबस्ताला जातो, मग निवडणुकीच्या, मग एखाद्या मंत्र्याच्या दौऱ्याच्या. हे सारे वास्तव आहे म्हणून वाचकाने दीडशे पाने बंदोबस्त वाचावा काय?

फौजदारी वकील :
मी सत्र न्यायालयात बचाव पक्षातर्फे काम करतो, त्यामुळे माझा कल धागालेखकांकडे आहे. तरीही कबुली सर्वस्वी निरुपयोगी असते असा समज इथे होऊ नये. कलम 23 च्या परंतुकात (अपवाद सांगणाऱ्या भागात), म्हणजे जुन्या कलम 27 मध्ये, कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. आरोपी पंचांसमक्ष म्हणतो, ‘मी ज्या कोयत्याने त्याला मारले तो कोयता मळ्यातल्या विहिरीमागे लपवला आहे, चला, काढून देतो.’ या वाक्यातला ‘मारले’ हा भाग बाद होतो आणि लपवल्याचा भाग उरतो. ब्रिटिश काळातले शेवटचे अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1946 साली पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात ही रेषा आखून दिली आणि आजही उलटतपासणी त्याच रेषेवर चालते.

आता या प्रसंगात किती नाट्य आहे ते पाहा. आधी ठाण्यात मेमोरंडम पंचनामा, म्हणजे आरोपीच्या त्या निवेदनाची पंचांसमक्ष नोंद, होतो, मग आरोपी, दोन पंच आणि पोलीस एकाच गाडीतून निघतात, आरोपी पुढे चालतो आणि बाकीचे मागून. जागा सर्वांना खुली होती काय? पोलिसांना ती आधीच ठाऊक होती काय? पंच ठाण्यातल्या नेहमीच्या बैठकीतला तर नाही? खटला उभा राहीपर्यंत वर्षे गेलेली असतात आणि तोच पंच साक्षीच्या पिंजऱ्यात ‘मी कोऱ्या कागदावर सही केली’ असे सांगून फितूर होतो. असा पंच मुख्य पात्र असलेली मराठी कादंबरी माझ्या तरी वाचनात आलेली नाही.

न्यायवैद्यक :
आतापर्यंतची चर्चा कायद्यावर झाली; वैद्यकाची अवस्था याहून बिकट आहे. आमच्या कथांतला डॉक्टर मृतदेहाकडे पाहून ‘मृत्यू रात्री सव्वाअकराच्या सुमारास’ असे सांगतो. तसे कोणालाच सांगता येत नाही. शरीर थंड होण्याच्या गतीवरून काळ काढण्याची पद्धत थंड हवेच्या देशांत बरीच उपयोगी पडते, कारण तिथे शरीर आणि सभोवतालची हवा यांच्या तापमानात मोठा फरक असतो. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे गेलेला असताना पत्र्याच्या खोलीतला मृतदेह थंड होतच नाही, उलट तापू शकतो. मरणोत्तर ताठरपणा आपल्याकडे एक-दोन तासांत सुरू होतो, पण उन्हाळ्यात तो लवकर येऊन लवकर ओसरतो आणि मृत्यूपूर्वी माणसाने झटापट किंवा धावपळ केली असेल तर त्याचे वेळापत्रक आणखी बदलते. रक्त खालच्या बाजूला साचून पडलेले डाग काही तासांनी पक्के होतात, त्यामुळे ते चुकीच्या बाजूला दिसले तर मृतदेह नंतर हलवला गेल्याचे कळते. त्यावरून वेळेचा मात्र ढोबळ अंदाजच बांधता येतो. म्हणून प्रामाणिक डॉक्टर काही तासांचा पट्टा सांगतो आणि आरोपीची ‘मी त्या वेळी तिथे नव्हतोच’ ही सबब त्या पट्ट्यात बसते की नाही, यावर दोन्ही वकील तासन् तास भांडतात.

विषाचेही तसेच. शवविच्छेदनाच्या टेबलावर विषाचे नाव कळत नाही. जठर, आतड्याचा भाग, यकृत आणि मूत्रपिंड यांचे नमुने बहुधा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून, बाटल्या सीलबंद करून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवले जातात आणि मृत्यूच्या कारणाविषयीचे मत राखून ठेवले जाते. रक्ताच्या डागांसाठी कादंबरीकारांना ल्युमिनॉल फार प्रिय आहे; ते ब्लीचने आणि तांब्यानेही चमकते, म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या स्वयंपाकघरात ते लेखकाला चांगलेच चकवील. आणि मध्यरात्री ट्यूबलाइटखाली चाललेले खुनाचे शवविच्छेदनही जपून लिहावे. केंद्राने नोव्हेंबर 2021 मध्ये सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला मुभा दिली खरी, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेले मृतदेह आणि घातपाताचा संशय असलेली प्रकरणे, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न नसेल तर, त्यातून वगळली.

वैनगंगा :
डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद वाचनीय आहे, पण त्याने माझाच मुद्दा बळकट होतो. वेळ अनिश्चित, विष अनिश्चित, पंच फितूर आणि अहवाल प्रलंबित, असे असेल तर कोड्याला उत्तरच उरत नाही. कोड्याची कथा निश्चिततेवर उभी असते. आपण सर्व जण एका साहित्यप्रकाराला दुसऱ्या साहित्यप्रकाराचे नियम लावत आहात.

रात्रपाळी :
पोलीस दलात नोकरी झाली, म्हणून दोन्ही बाजूंना विरोध करतो. वकीलसाहेब आणि डॉक्टरसाहेब सांगतात ते पुस्तकातले वास्तव आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी गेले पाहिजे असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचे) कलम 176 सांगते आणि ते अंमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत देते. खेड्यात तज्ज्ञांची गाडी पोहोचेपर्यंत निम्मे गाव मृतदेहाभोवतीच्या चिखलातून फिरून गेलेले असते. लेखकाने पिवळ्या फितीऐवजी ती गर्दी लिहावी. कपडे आणि हत्यार जप्त झाल्यावर लाखेचे सील, मुद्देमाल कारकुनाची नोंद, प्रयोगशाळेत घेऊन जाणारा शिपाई आणि मधल्या दिवसांत ते सामान नेमके कोणाच्या ताब्यात होते याचा हिशेब, यांतला एक दुवा तुटला की मोठे खटले हलतात. शिवाय एकटा नायक ही तर मोठीच थाप आहे. छोट्या ठाण्याचा प्रभारी सहायक पोलीस निरीक्षक असतो, गुन्हा गाजला की स्थानिक गुन्हे शाखा समांतर तपास करते आणि श्रेयावरून जे चालते ते इथे लिहीत नाही.

तळटीप (धागालेखक) :
वैनगंगा यांच्या साहित्यप्रकाराच्या मुद्द्याला एक उत्तर देतो. ज्या कथेत वाड्यातला हुशार पाहुणा खुनी ओळखतो, तिथे माझा कोणताही आग्रह नाही. पण ज्या कथेच्या पहिल्याच पानावर ठाण्याचे नाव, गुन्हा नोंद क्रमांक आणि कलमे येतात, तिने वास्तवाशी नाते स्वतःहून जोडलेले असते. मग 2023 मध्ये घडलेल्या खुनाला जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 103 लावलेले खपत नाही. त्या तारखेला भारतीय दंड संहितेचे 302 च लागते, खटला पुढे केव्हाही चालो. तसेच 1980 सालच्या कथेत डीएनए चाचणी आणता येत नाही, कारण लेस्टरच्या अ‍ॅलेक जेफ्रीझ यांना डीएनएवरून माणूस ओळखण्याची वाटच 1984 मध्ये सापडली. बोटांच्या ठशांबाबत मात्र लेखकाला पुष्कळ मोकळीक आहे. कलकत्त्यात ठशांचे कार्यालय 1897 पासून होते. नार्को चाचणीचे प्रकरण लिहिणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा सेल्वी निकाल वाचावा. संमतीशिवाय ती करता येत नाही.

फौजदारी वकील :
वैनगंगा यांना कबुलीचाच प्रसंग हवा असेल, तर कायद्यात त्याची जागा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 प्रमाणे दंडाधिकारी कबुलीजबाब नोंदवतात. नोंदवण्यापूर्वी ते आरोपीला सांगतात की कबुली देण्याचे बंधन तुझ्यावर नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. प्रथेप्रमाणे त्याला विचारासाठी वेळ दिला जातो आणि पोलिसांना बाहेर ठेवले जाते. नोंद होण्यापूर्वी केव्हाही त्याने ‘मला काही सांगायचे नाही’ असे म्हटले, तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. पंधरवडाभर घाम गाळलेल्या अधिकाऱ्याचा सारा डाव त्या एका नकाराने उधळू शकतो.

वैनगंगा :
हे प्रकरण मी आवडीने वाचेन. पण आपल्या या दृश्यात तपास अधिकारी दाराबाहेर उभा आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक पोलिसी कादंबऱ्या त्याच्याच नजरेतून सांगितल्या जातात. म्हणजे हे कलम वापरायचे तर निवेदक बदलावा लागेल किंवा मधली दहा मिनिटे वाचकापासून दडवावी लागतील. लेखकाने यांतले काय निवडावे, ते ठरवायला साक्ष अधिनियमाची मदत कशी होईल, एवढे आपण सांगावे.