मदत हवी आहे: निर्यातीच्या खेळात काहीच न करणारा गट पहिला आला, आता काय करू?

नमस्कार मंडळी, कृषी महाविद्यालयात शिकवतो. पोरांना आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर), फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला), एफओबी-सीआयएफ (जहाजाचं भाडं आणि विमा विकणारा भरणार की घेणारा, ते ठरवणारे भाव) सगळं पाठ असतं पण कंटेनर भरायचा म्हटलं की गप्प, म्हणून यंदा वर्गातच खेळ लावला. पाच-पाच जणांचे गट, प्रत्येक गट म्हणजे नाशिकचा एक एक्सपोर्टर, हातात खोटे पन्नास लाख आणि दर तासाला एक बंद पाकीट.

पाकिटात सगळं खरंच घडलेलं. 2010 चं द्राक्षाचं सीसीसी प्रकरण (सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, वेलीची वाढ रोखायला मारतात ते रसायन; माल युरोपात पोचल्यावर त्याचा रेसिड्यू, म्हणजे उरलेला अंश, सापडला आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं!), 2014 ची युरोपची आंबाबंदी फळमाशीमुळे, मग 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली ते, त्यात द्राक्षं दोनेक आठवडे जास्त रिफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये. शेवटचं पाकीट 8 डिसेंबर 2023 ची कांदा निर्यातबंदी.

झालं काय, एका गटाने पहिल्या दिवसापासून काहीच माल घेतला नाही, पैसे धरून बसले आणि तेच पहिले आले. बाकीचे माझ्यावर चिडले, बंदी सरकारने आणली त्यात आमचे मार्क का कापता म्हणे. एका मुलीच्या घरी कांदा आहे, ती म्हणाली, सर, कांद्याची चाळ भरलेली असताना आम्हाला खेळायचं नाही असं म्हणता येत नाही. यावर मला काही बोलता आलं नाही.

तर गप्प बसणाऱ्याला फटका कसा द्यायचा? आणि नशिबाचे मार्क कापावेत का, इंटर्नलचे 20 आहेत. जाणकारांनी सांगा प्लीज.

न्हावाशेवाकर: सीएचएकडे (कस्टम्सची कामं करून देणारा एजंट) बरीच वर्षं काढलीत. सर, पैसे धरून बसणं फुकट नसतं हो. पॅकहाऊसचं (माल निवडून पॅक करायची जागा) भाडं, माणसांचे पगार, बँकेचं व्याज दर तासाला कापा, आणि माल दिला नाही तर पुढच्या पाकिटात गिऱ्हाईक पेरू देशाकडे नाहीतर चिलीकडे गेलेलं दाखवा. आणि कांदाबंदी नुसती नशिबाची नव्हती, बंदीच्या आधी कस्टम्सच्या ताब्यात गेलेला माल ठरावीक मुदतीत बाहेर काढायला मुभा होती. त्यामुळे पाकीट फोडायच्या आधी प्रत्येक गटाकडून लिहून घ्या की तुमचा कंटेनर आत्ता कुठंय, चाळीत, पॅकहाऊसला, की शिपिंग बिल (कस्टम्सकडे भरायचा निर्यातीचा कागद) होऊन पोर्टवर. मार्क त्याचे द्या.

धागाकर्ता: व्याजाचं डोक्यातच आलं नाही राव! पण सीसीसीच्या पाकिटाचं काय, तिथे कागद सगळे बरोबर असून माल अडकला.

न्हावाशेवाकर: तिथे पुढचं विचारा. माल परत आणणार, दुसऱ्या देशात विकणार की तिथेच नष्ट करणार, आणि प्रत्येकाचा खर्च कोणाच्या खिशातून? युरोपची द्राक्षं बरीचशी कन्साइनमेंटवर जातात, म्हणजे विकली गेल्यावर हिशोब. पोरं पुस्तकातली एलसी (पैसे मिळण्याची बँकेची हमी) शोधत बसतील, बसू द्या थोडा वेळ.