नाकाबंदीत पोलिसांच्या कोणत्या प्रश्नांना उत्तर देणे बंधनकारक आहे?

कोथरूडकर
माझ्या मुलाला नुकताच पक्का परवाना मिळाला असून तो रात्री उशिरा दुचाकीवरून कामावरून परततो. नाकाबंदीत परवान्याबरोबरच ‘कुठून आलास, कुठे चाललास, घेतली आहेस का, सिग्नल का तोडलास’ असे प्रश्न एकापाठोपाठ विचारले जातात. यांपैकी कशाचे उत्तर देण्यास तो बांधील आहे आणि काय टाळले तर चालेल?

फौजदारी_वकील
परवान्याबाबत पर्याय नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३० प्रमाणे गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर चालकाने तो दाखवलाच पाहिजे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपवरील परवाना चालतो. फोनच्या गॅलरीत साठवलेला फोटो मात्र त्यात मोडत नाही आणि निम्मी हुज्जत तिथेच सुरू होते. नाव-पत्ताही खराच सांगावा, कारण अधिकाऱ्यासमोर अदखलपात्र (एरवी वॉरंटशिवाय अटक न होणारा) गुन्हा घडला असताना तो सांगण्यास नकार दिला किंवा खोटा सांगितला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९ खाली अटक होऊ शकते.

‘सिग्नल का तोडलास’ हा प्रश्न वेगळा आहे, कारण त्याच्या उत्तरातच कबुली दडलेली असते. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २०(३) सांगतो. त्यामुळे ‘साहेब, चलान करायचे असेल तर करा, माझे म्हणणे मी योग्य ठिकाणी मांडीन’ एवढे सौम्यपणे म्हणणे पुरेसे आहे. खोटे मात्र बोलू नये. कायद्याने मागितलेली माहिती मुद्दाम दडवणे किंवा जाणूनबुजून खोटी देणे हा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १७९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

रात्रपाळीवाला
वकीलसाहेबांचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बरोबर असले, तरी ‘कुठून आलास’ या प्रश्नावर मौन धरून रस्त्यावर काहीच साध्य होत नाही, उलट संशय वाढून दोन मिनिटांचे काम लांबते. ‘कंपनीतून घरी चाललोय’ असे एका वाक्यात खरे उत्तर द्यावे, गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि ओळखीच्या नगरसेवकाचे नाव काढण्याच्या फंदात पडू नये. दारूच्या चाचणीला नकार देणे तर सर्वांत वाईट. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास गुन्हा होतो. पण दारूचा संशय असताना फुंकण्यास नकार दिला, तर त्याच अधिनियमाच्या कलम २०३ खाली वॉरंटशिवाय अटक करता येते. यंत्राची नळी नवी मागण्यास हरकत नाही, तेवढी मागावीच.

कोथरूडकर
दोघांचेही आभार. परवानाच काढून घेतला, तर दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची कशी?

फौजदारी_वकील
परवाना काढून घेतल्यावर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०६ प्रमाणे तात्पुरती पोचपावती देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि परवाना परत मिळेपर्यंत किंवा पावतीवर लिहिलेल्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, त्या पावतीवर गाडी चालवता येते. पुढे कोणी परवाना मागितला तर तीच दाखवायची. त्यामुळे पावती हातात पडल्याशिवाय मुलाने तिथून निघू नये, आणि ती नाकारली गेल्यास वाद न घालता अधिकाऱ्याचे नाव, बक्कल क्रमांक, जागा व वेळ लिहून घेऊन त्याच रात्री वाहतूक शाखेकडे लेखी तक्रार करावी.