हे नुसतं संख्याशास्त्र नाही

एकांनी विचारलंय, की निर्णय आणि जोखीम विश्लेषण हा विषय म्हणजे संख्याशास्त्रच नव्या नावानं शिकवतात का. नाही. संभाव्यता कच्ची असेल तर पहिल्याच सत्रात दमछाक होते, हे खरं. पण संख्याशास्त्र 'शक्यता किती' इथवर आणून सोडतं, 'मग निवडायचं काय' हा प्रश्न या विषयाचा.

माझ्या मते सर्वांत कामाचा भाग म्हणजे माहितीचं मूल्य, म्हणजे निर्णयाआधी माहिती मिळवायला जास्तीत जास्त किती मोजावं ते. समजा, एका प्रकल्पात यशाची शक्यता ०.६ आहे, यश आलं तर १०० मिळणार, फसलं तर ८० जाणार. अपेक्षित मूल्य, म्हणजे शक्यतेनुसार धरलेली सरासरी: ६० (०.६ × १००) वजा ३२ (०.४ × ८०), म्हणजे २८. निकाल आधीच अचूक कळला, तर फसणारा प्रकल्प आपण घेणारच नाही. मग अपेक्षित मूल्य ६०, म्हणजे २८ पेक्षा ३२ नं जास्त. म्हणून कितीही उत्तम सर्वेक्षण असलं तरी त्यावर ३२ पेक्षा जास्त खर्च करण्यात अर्थ नाही. (हे गणित न करता अहवालांमागून अहवाल मागवणारे बरेच असतात!)

मॉन्टे कार्लोची, म्हणजे यादृच्छिक आकडे घालून एकच गणित हजारो वेळा चालवून बघणारी, सॉफ्टवेअरं काय, हाताला लवकर बसतात. अभ्यासक्रम निवडताना मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वर्स्की यांचा १९७९ चा प्रॉस्पेक्ट सिद्धान्त (जोखीम असताना माणसं प्रत्यक्षात कशी निवड करतात, ते सांगणारा) त्यात आहे का, तेवढं मात्र बघा.