'न्याहाळक' चालला, मग 'मेल क्लायंट'ला काय म्हणावे?

प्रश्न:
ब्राउझरसाठी 'न्याहाळक' हा शब्द मराठी आंतरजालावर बरीच वर्षे दिसतो. परंतु थंडरबर्डसारख्या ज्या स्वतंत्र प्रोग्राममधून आपण ईमेल वाचतो आणि पाठवतो, त्याला मराठीत काय म्हणावे? एका मार्गदर्शिकेचे भाषांतर करताना मी 'मेल क्लायंट' या शब्दापाशी अडलो आहे. कोशात 'अशील' आणि 'ग्राहक' एवढेच हाती लागले. बहुतेक लोक मेल ब्राउझरमध्येच वाचतात, तेव्हा वेगळा शब्द हवाच कशाला, असे माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे आहे.

प्रतिसाद:
'अशील' वकिलांकडेच राहू द्यावे. संगणकाच्या परिभाषेत क्लायंट म्हणजे सर्व्हरकडे काहीतरी मागणारा प्रोग्राम, आणि त्या अर्थाने ब्राउझरही क्लायंटच ठरतो. म्हणून 'ग्राहक' म्हटल्याने तुम्हाला हवा तो फरक दाखवला जात नाही.

वेगळा शब्द मात्र हवा, कारण कामच वेगळे आहे. ब्राउझरमध्ये मेल वाचणे म्हणजे पोस्टाच्या खिडकीशी जाऊन तिथल्या तिथे पत्र वाचून परत देणे. स्वतंत्र प्रोग्राम तेच पत्र घरी आणून ठेवतो. मेल आणण्याच्या पॉप३ पद्धतीत पत्र सर्व्हरवरून आपल्या संगणकावर उतरते, तर आयमॅप पद्धतीत मूळ पत्र सर्व्हरवर राहते आणि आपल्याकडे त्याची प्रत ठेवता येते. गेल्या पावसाळ्यात काकांकडे दोन दिवस नेट नव्हते आणि त्यांना विम्याच्या पत्रातला एक क्रमांक तातडीने हवा होता. मी फोनवर "मेल उघडा" म्हणालो. त्यांनी ब्राउझर उघडला आणि जोडणी नसल्याचा संदेश मला वाचून दाखवला. "काका, तो नाही, निळ्या पक्ष्याचे चित्र आहे ते उघडा," असे सांगितल्यावर पत्र लगेच सापडले. माझ्याजवळ त्या प्रोग्रामसाठी शब्द असता, तर पक्ष्याची मदत घ्यावी लागली नसती.

हे दोन प्रोग्राम नेहमीच वेगळे होते असेही नाही. १९९७ च्या नेटस्केप कम्युनिकेटरमध्ये नॅव्हिगेटर हा ब्राउझर आणि मेसेंजर हा मेलचा भाग एकत्र मिळत असत. मोझिला या संस्थेनेही आधी तशीच एकत्र मोट बांधली होती. पुढे नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स हा ब्राउझर आणि डिसेंबर २००४ मध्ये थंडरबर्ड यांच्या १.० आवृत्त्या स्वतंत्रपणे आल्या. इथे शब्दांची एक गंमत आहे. त्या काळी भाषांतर करणाऱ्याने मेसेंजरला 'निरोप्या' म्हटले असते तर ते अचूक ठरले असते, पण आज मेसेंजर म्हटले की गप्पांचे ॲप डोळ्यांसमोर येते, त्यामुळे तो गोड शब्द या कामापुरता हातचा गेला आहे.

ईमेलसाठी घडवलेल्या शब्दांपैकी 'विपत्र' मला पटत नाही; 'विद्युत्'चा हा 'वि' 'विफल'मधल्या 'वि'सारखा ऐकू येतो आणि पत्र नसल्याचाच भास होतो. 'विरोप' हा शब्द निरोपाशी नाते सांगतो, पण तो निरोपाचे नाव आहे, प्रोग्रामचे नव्हे. माझ्या मते 'टपाल प्रोग्राम' असे सरळ लिहावे.

दुसरा प्रतिसाद:
'टपाल प्रोग्राम' मान्य आहे, पण 'न्याहाळक' इतक्या सहज मान्य करू नये, म्हणजे तपासल्याशिवाय. न्याहाळणे म्हणजे एकाच गोष्टीवर नजर खिळवणे. आरशात आपण चेहरा न्याहाळतो. ब्राउझरमध्ये आपण करतो ते नेमके उलट, म्हणजे वर्तमानपत्र चाळावे तसे पाने चाळणे. अर्थाने 'चाळणे' हेच क्रियापद योग्य होते, परंतु किसणे-किसणी या चालीने त्याचे साधन 'चाळणी' होते आणि ती स्वयंपाकघरात आधीच आहे. शिवाय न्याहाळ या मराठी धातूला संस्कृत 'क' जोडलेला आहे, हेही कानाला खटकते. मी स्वतः 'ब्राउझर'च लिहितो.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. मार्गदर्शिकेत 'ब्राउझर' आणि 'टपाल प्रोग्राम' असे लिहीन, आणि पहिल्या उल्लेखात "मेल आपल्या संगणकावर आणून ठेवणारा प्रोग्राम" एवढा खुलासा जोडीन. एक शंका उरली: मेल आला, की मेल आली?

पहिलाच प्रतिसादक पुन्हा:
दोन्ही ऐकू येतात. मी 'आला' लिहितो, कारण आमच्या घरी 'मेल आली' म्हणजे टपाल वाहणाऱ्या डब्यावरून नाव पडलेली रेल्वेगाडी, आणि आजी अजूनही ते ऐकून घड्याळ बघते.